साउंड सिंथेसिस शिकायचंय, सुरुवात कुठून करू? एका घंटेपासून

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, सातपूरला राहतोस, पाच वर्षं ढोल पथकात वाजवतोस, हार्मोनियमही थोडीफार येते. साउंड सिंथेसिस, म्हणजे संगणकावर शून्यापासून आवाज घडवणं, शिकून एकांकिकांसाठी स्वतःचे आवाज तयार करायचेत. सी-साउंड, सुपरकोलायडर, प्युअर डेटा, व्हायटल, सर्ज ही सॉफ्टवेअरची नावं ऐकून कुठून सुरू करावं ते कळत नाही. लॅपटॉप 8 जीबीचा, मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायच्या पट्ट्या) नाही, खर्च करायला पैसे नाहीत, कोडिंग जेमतेम. चार महिन्यांत तीन सॉफ्टवेअर टाकून काढून टाकलीस आणि अजून स्वतःचा म्हणावा असा एकही आवाज हाताशी नाही.

मी नाशिकमध्येच वीसेक वर्षं नाटकांचं ध्वनीचं काम करते. राज्य नाट्य स्पर्धेसाठी परशुराम साईखेडकर नाट्यमंदिरात आणि कालिदास कलामंदिरात कितीतरी प्रयोगांना कन्सोलवर बसले आहे. त्या अनुभवातून सांगते: कोणतं सॉफ्टवेअर, हा प्रश्न तू आधी विचारतो आहेस म्हणून अडला आहेस. आधी कोणता आवाज ते ठरव. एकच आवाज, तुझ्या कानाला पुरता ओळखीचा. तो शून्यापासून बांधायचा. तीन महिने त्याच्याच मागे लागायचं. मी तुला घंटा सुचवते, देवघरातली पितळी घंटा. ढोल का नाही ते पुढे येईलच.

सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकू. तू घेतलेली नावं दोन जातींची आहेत. व्हायटल, सर्ज एक्सटी, डेक्स्ड ही तयार वाद्यं आहेत. हार्मोनियमचा डबा बांधून आलेला असतो, तू पट्ट्या दाबायच्या आणि स्टॉप ओढायचे. प्युअर डेटा, सुपरकोलायडर, सी-साउंड यांत सूर, भाता, पट्ट्या सगळं सुटं मिळतं आणि डबा तुला बांधायचा असतो. पहिल्या जातीत पाच मिनिटांत भारी आवाज येतो, पण तो का आला ते कळत नाही. तुझं चार महिन्यांत तेच झालं असणार. प्रीसेट, म्हणजे आधीच करून ठेवलेले आवाज, ऐकलेस, दोन-चार बटणं फिरवलीस, आवाज बिघडला, परत कसा आणायचा ते उमगेना.

म्हणून प्युअर डेटा घे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि तुझ्या लॅपटॉपला त्याचं ओझंही होणार नाही. कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे. हे मिलर पकेट यांनी 1990च्या दशकात लिहिलं. त्याआधी पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत त्यांनीच मॅक्स नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं, आणि ते नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून आलं. 1957 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत मॅथ्यूज यांच्या प्रोग्रॅमने आयबीएम 704 या संगणकाकडून सतरा सेकंदांचं संगीत वाजवून घेतलं. ध्वनीचे छोटे छोटे ठोकळे एकमेकांना जोडून वाद्य उभं करायचं, ही कल्पनाही त्यांचीच. तू आज जो चौकोन पडद्यावर ठेवशील तो त्याच घराण्यातला. सुपरकोलायडर आणि सी-साउंडही तिथूनच आले. त्यामुळे एकात शिकलेलं दुसऱ्यात वाया जात नाही, ही काळजी सोडून दे.

आता कानांची काळजी. हा भाग वाचून पुढे जाऊ नकोस, करच. सुरुवातीच्या वर्षांत एका तालमीच्या जागी मी हेडफोन लावून पॅच, म्हणजे तारांनी जोडलेल्या चौकोनांची मांडणी, जोडत होते. आवाज कमी करणारा चौकोन मधे टाकायचा राहिला आणि तार सरळ बाहेर जोडली. पूर्ण ताकदीची शिट्टी दोन्ही कानांत. दोन दिवस डाव्या कानात सूं चालू होतं आणि त्या दोन दिवसांत मला तंबोरा नीट लावता आला नाही. तेव्हापासूनचा माझा नियम असा: हेडफोन आधी गळ्यात, आवाज चालू, लॅपटॉपचा व्हॉल्यूम तळाला, मग हळूहळू वर, आणि नंतरच कानावर. ढोल पथकात तुझे कान आधीच खूप सोसतात. मिरवणुकीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सिंथेसिसला हात लावू नकोस. कान थकलेले असले की वरचे सूर ऐकू येत नाहीत, मग माणूस ते वाढवत बसतो.

हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. कळ दाबली आणि आवाज मागून आला, हे वादकाच्या हाताला सहन होत नाही. वायरच्या हेडफोननेही उशीर वाटला तर बफर बघ, म्हणजे संगणक आवाजाचे किती नमुने साठवून मग बाहेर सोडतो तो आकडा. सेकंदाला 48,000 नमुने, म्हणजे 48,000 हर्ट्झ, असताना 512 नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण 11 मिलिसेकंद, 128चा म्हणजे तीनहून कमी. विंडोजवर एएसआयओ फॉर ऑल हा फुकट ड्रायव्हर टाकलास की फरक पडतो. सुरुवातीला 512 ठेव. उशिरापेक्षा, बफर फार लहान केल्यावर येणारी आवाजातली कटकट जास्त त्रास देते.

पहिली संध्याकाळ अशी घालव. प्युअर डेटा उघड, मीडिया मेनूतून ऑडिओची चाचणी घे, मग नवी खिडकी उघड. कंट्रोल आणि 1 दाबलं की रिकामा चौकोन येतो. त्यात ओ, एस, सी ही अक्षरं, त्यांना चिकटून नागमोडी टिल्ड चिन्ह, मग एक जागा सोडून 277 लिही. हा झाला ऑसिलेटर, सूर निर्माण करणारा चौकोन. त्याखाली दुसरा चौकोन: गुणाकाराची चांदणी, टिल्ड, जागा सोडून 0.1. हाच तो आवाज कमी करणारा चौकोन, मी विसरले होते तो. तिसऱ्यात डी, ए, सी आणि टिल्ड, हा आवाज हेडफोनकडे पाठवतो. ऑसिलेटरची तार गुणाकाराच्या डाव्या टोकाला जोड आणि गुणाकाराची तार डीएसीच्या दोन्ही टोकांना. मुख्य खिडकीतल्या डीएसपीच्या खुणेवर टिचकी मार. जो कोरा, गुळगुळीत, काहीसा निर्जीव सूर येईल तो साइन. घाबरल्यास कंट्रोल आणि टिंब दाब, सगळं बंद होतं. कुठलाही चौकोन समजला नाही तर त्यावर उजवी टिचकी मारून हेल्प उघड. तिथली मदतही चालता पॅच असते. ती वाजवून बघता येते, बदलता येते.

277 का? ती काळी एक. नेमकं सांगायचं तर 277.18 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. हार्मोनियमवर मधल्या सप्तकातली काळी एक दाब आणि तिच्याशेजारी हा सूर वाजव. हार्मोनियम थोडी खालीवर असेल तर आवाज झुलायला लागेल. तो झोका मोज. सेकंदाला दोनदा झुलला म्हणजे दोन्हींत दोन हर्ट्झचं अंतर आहे. मग आणखी एक ऑसिलेटर आण आणि गंधार लाव. षड्जाच्या सव्वापट म्हणजे 346.5. हा तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार. आता तिसरा लाव, 349.2, कीबोर्डच्या समान अंतराच्या पट्ट्यांतला गंधार. दोन्ही एकत्र वाजवलेस तर सेकंदाला जवळपास तीन झोके ऐकू येतील. पंचमाला हेच केलंस तर झोका दोन सेकंदांत जेमतेम एक येतो. पेटीचा गंधार का खटकतो आणि पंचम का चालून जातो यावर गवई मंडळी तासन्‌तास बोलतात. तुला ते दहा मिनिटांत आकड्यांनी ऐकता येईल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत मुक्काम केला, दत्तात्रेय विष्णु पलुस्करांचा जन्म 1921 मध्ये नाशिकचाच. या गावात सुराचा कान ही परकी गोष्ट नाही. सिंथेसिस करणाऱ्यालाही पहिल्यांदा तोच कान लागतो.

या संध्याकाळी एवढंच. उत्साहात पुढे धावू नकोस.

दुसऱ्या आठवड्यात घंटा. रामसेतू पुलाजवळच्या नारोशंकर मंदिराची घंटा तू लहानपणापासून पाहिली असशील. वसईच्या 1739च्या विजयाची खूण म्हणून ती आली, आणि पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी 1747 मध्ये ते मंदिर बांधलं. तिच्यापर्यंत तुझा हात पोचणार नाही, पण देवघरातली घंटा किंवा भांडी बाजारातून आणलेलं पितळी ताम्हण पुरे. रात्री पंखा बंद कर, मोबाईल हातभर दूर ठेव आणि घंटा एकदाच वाजवून आवाज पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड कर. पंधरा वीस सेकंद थांबावं लागतं. बहुतेक जण पाचव्या सेकंदाला थांबवतात आणि मग घंटेचं शेपूट हातात राहत नाही.

ते रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघड आणि सुरुवातीचा एक सेकंद निवडून अॅनालाइझ मेनूतून स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती जोर आहे त्याचा आलेख, काढ. डोंगररांगेसारखा आलेख दिसेल. प्रत्येक शिखर म्हणजे एक साइन. शिखरांचे हर्ट्झ वहीत लिही. मग चौदाव्या सेकंदाचा तुकडा घेऊन पुन्हा काढ. निम्मी शिखरं गायब झालेली असतील, आणि ती जवळजवळ सगळी वरची. हा आलेख स्वतः काढल्याशिवाय पुढचं वाचून उपयोग नाही, कारण पुढचं सगळं याच दोन चित्रांतल्या फरकावर आहे.

हार्मोनियमच्या सुरात शिखरं 1, 2, 3, 4 पट अशी शिस्तीत येतात. त्यामुळे कान त्यांना एकच सूर म्हणून ऐकतो. धातूच्या भांड्यात तशी शिस्त नसते. झां-क्लोद रिसे हे फ्रेंच संगीतकार 1960च्या दशकात बेल लॅब्जमध्ये होते. संगणकावर आवाज कसे बांधायचे याची एक सूची त्यांनी 1969 मध्ये तयार केली आणि तिच्यातली घंटा आजही सगळीकडे शिकवली जाते. तिच्यात अकरा साइन आहेत. मूळ आकड्याला 0.56, 0.92, 1.19, 1.7, 2, 2.74, 3, 3.76, 4.07 या गुणकांनी गुणायचं. हे नऊच झाले, कारण पहिले दोन दुहेरी आहेत. 0.56ची एक प्रत जशीच्या तशी, दुसरी 1 हर्ट्झने वर. 0.92ची दुसरी प्रत 1.7 हर्ट्झने वर. घंटेचा विरताना येणारा झोका या दोन जोड्यांतून येतो. खऱ्या घंटेतही हेच असतं. ओतकाम कधीच सगळ्या बाजूंनी एकसारखं नसतं, त्यामुळे प्रत्येक कंपन किंचित वेगळ्या दोन सुरांत फुटतं.

पण गुणक हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं काळात आहे, आणि इथे नवशिके चुकतात. सगळ्यात खालचा सूर पूर्ण वेळ टिकतो. 1.19चा त्याच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी, 2चा एक चतुर्थांश, आणि सगळ्यात वरचा 4.07चा फक्त 0.075. घंटा एकूण वीस सेकंदांची ठेवलीस तर वरचा सूर दीड सेकंदात संपतो. सगळे सूर सारखे टिकवून बघ, ऑर्गनची पट्टी अडकल्यासारखं ऐकू येईल. मग एकेकाचा काळ कमी करत जा. ज्या क्षणी ते पितळ व्हायला लागतं तो क्षण मी शिकवताना नेहमी थांबवून दाखवते. सूर तेच, जोर तोच, फक्त कोण आधी थांबलं एवढं बदललं आणि धातू आला.

विरणं घडवायला एन्व्हलप लागतो, म्हणजे जोर वेळेनुसार कसा चढेल-उतरेल त्याची आखणी. प्युअर डेटात लाइन टिल्ड नावाचा चौकोन आहे. त्याला संदेश द्यायचा: 1, स्वल्पविराम, 0, जागा, 4000. म्हणजे लगेच एकावर जा, मग चार हजार मिलिसेकंदांत शून्यावर ये. ही उतरण सरळ रेषेची असते आणि खऱ्या घंटेची तशी नसते. ती आधी झपाट्याने पडते, मग रेंगाळते. यावर सोपी युक्ती अशी: लाइनचा निकाल स्वतःशीच गुण, आलेला निकाल पुन्हा स्वतःशी गुण. चौथा घात झाला की उतरण कानाला पटते. अकरा साइनना अकरा लाइन लागतील. एक साइन आणि एक लाइन यांचा छोटा पॅच वेगळा जपून ठेव आणि अकरा वेळा वापर.

जोराचंही लक्षात ठेव. रिसेच्या सूचीतल्या अकरा सुरांच्या जोरांची बेरीज पंधराच्या वर जाते आणि प्युअर डेटाला एकाच्या वरचं काही बाहेर पाठवता येत नाही, तिथे लाट कापली जाते आणि फाटका आवाज येतो. म्हणून शेवटचा गुणाकार 0.05 ठेव. नेमके जोर तू तुझ्या घंटेच्या आलेखावरून काढ. रिसेचे हवे असतील तर ते प्युअर डेटाच्या हेल्पमध्येच आहेत, ऑडिओच्या उदाहरणांत डी07 या नावाने. पण आधी स्वतःची घंटा कर, मग ते उघड. उत्तर आधी पाहिलं तर हातून काहीच घडत नाही.

माझी पहिली घंटा तयार झाली तेव्हा मी ती बाहेरच्या खोलीत स्पीकरवर वाजवली. आई आत स्वयंपाकघरात होती. तिने विचारलं, “ही कुठली घंटा? आपली नाही ही.” तिला घंटा ऐकू आली होती, हे मला खूप वाटलं. पण तिची नाही, हे तिला लगेच कळलं होतं. मी पुन्हा खऱ्या घंटेचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. हातात धरलेली घंटा एकदा वाजत नाही. लोलक एका बाजूला आदळतो, मग दुसऱ्या, आणि दोन्ही वेळचा जोर वेगळा. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. आणि प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला काही मिलिसेकंद निव्वळ खटका असतो, त्याला सूरच नसतो. मी नॉइझचा, म्हणजे सूर नसलेल्या खरखरीचा, अगदी बारीक तुकडा सुरुवातीला टाकला, दोन ठोक्यांची वेळ थोडी अनियमित केली, दुसरा ठोका किंचित हलका केला. घंटा त्यानंतर आमच्या घरातली झाली. तुझ्यासाठीही हाच सगळ्यात फायद्याचा धडा ठरेल असं मला वाटतं. वाजवणारा हातही आवाजाचाच भाग आहे, आणि तोही बांधावा लागतो. तू ढोलवादक आहेस, हे तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच घंटा वेगळ्या मार्गाने कर. जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्डमध्ये 1967 मध्ये सापडलं की एका ऑसिलेटरने दुसऱ्याची वारंवारता वेगाने हलवली, तर दोनच ऑसिलेटरमधून सुरांचा मोठा घोळका निघतो. याला एफएम म्हणतात. त्यांचा लेख 1973 मध्ये आला, यामाहाने ते तंत्र घेतलं आणि 1983 मध्ये डीएक्स7 हा सिंथेसायझर बाजारात आणला. घंटेची त्यांची कृती साधी आहे: मूळ सूर 200 हर्ट्झ, हलवणारा 280, हलवण्याची तीव्रता 10पासून शून्यापर्यंत उतरती, काळ 15 सेकंद. प्युअर डेटात हलवणाऱ्या ऑसिलेटरचा निकाल 2800ने गुणायचा, कारण तीव्रता 10 गुणिले 280, तो एन्व्हलपने उतरवायचा, त्यात 200 मिळवायचे आणि ती बेरीज मूळ ऑसिलेटरच्या डाव्या टोकात सोडायची. अकरा ऑसिलेटरचं काम दोनांत. पण अकरांच्या घंटेत तू एकेका सुराला हात लावू शकत होतास, इथे एक आकडा बदलला की सगळा घोळका हलतो. दोन्ही पद्धती हाताखालून गेल्या की पुढे कुठलं काम कशाने करायचं ते तुझं तुलाच सुचेल. 280 ऐवजी 400 लाव आणि ऐक. गुणोत्तर पूर्णांकात आलं की धातू नाहीसा होतो आणि एकसंध सूर येतो. एवढा एक प्रयोग केलास तरी डीएक्स7चे निम्मे आवाज कसे झाले ते कळतं. डेक्स्ड हे फुकट सॉफ्टवेअर त्याच वाद्याची नक्कल आहे, ते या टप्प्यावर उघड. आता त्यातली बटणं तुझ्याशी बोलतील.

आता ढोल. तो आधी घेऊ नकोस म्हटलं, कारण ढोल तुझ्या हातात आहे आणि तुझा कान त्याच्या बाबतीत कुठलीच नक्कल सहन करणार नाही. दुसऱ्याच दिवशी निराश होशील. शिवाय तो खरंच अवघड आहे. गोल ताणलेल्या कातड्याची कंपनं 1, 1.59, 2.14, 2.30, 2.65 अशा प्रमाणात येतात, त्यामुळे ढोलाला ठाम सूर नसतो. तबल्याच्या शाईमुळे हीच कंपनं सुरेल प्रमाणात येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 मध्ये यावर लिहिलं आणि 1934 मध्ये पुन्हा सविस्तर मांडलं. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला रामन माहीत असतात, पण त्यांचं तबला-मृदंगावरचं हे काम कुणी सांगत नाही. तू जरूर शोधून वाच.

ढोलाची पहिली नक्कल अशी सुरू कर. एक साइन, 120 हर्ट्झवरून 80 मिलिसेकंदांत 55वर उतरणारी. ही थाप. टिपराच्या बाजूला वेगळा आवाज लागतो: नॉइझचा तुकडा, बँडपास फिल्टरमधून (ठरावीक पट्ट्यातलेच सूर जाऊ देणाऱ्या चाळणीतून) काढलेला, पन्नास मिलिसेकंदांत संपणारा. ताशाला तोच नॉइझ, फिल्टर बराच वर, दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास. हे माझ्या कानाने काढलेले आकडे आहेत, तुझ्या पथकातल्या ढोलाला लावून बघ आणि बदल. आणि एकाच ढोलावर थांबू नकोस. तीस ढोल एकत्र वाजतात तेव्हा तो मोठा झालेला एक ढोल नसतो. प्रत्येकाची थाप काही मिलिसेकंद मागेपुढे असते, प्रत्येकाचं पान वेगळं ताणलेलं असतं. तीस प्रती कर, प्रत्येकीचा सूर आणि वेळ थोडी ढळू दे. पथकाचा आवाज त्या ढळण्यातून येतो. अगदी एकाच क्षणी वाजवून बघ, मिरवणूक गायब होते आणि एक खोटा ढोल उरतो.

मधे एक तांत्रिक खड्डा आहे, तो आत्ताच सांगते. प्युअर डेटात फेझर टिल्ड नावाचा करवतीसारखी लाट देणारा चौकोन आहे. तो उंच सुरात वाजवलास की कुठलेतरी परके, बेसूर आवाज ऐकू येतात. चूक तुझी नसते. सेकंदाला 48,000 नमुने असले की संगणक 24,000 हर्ट्झच्या वरचं काही दाखवू शकत नाही. 5,000च्या करवत लाटेचं सहावं शिखर 30,000वर यायला हवं, ते मावत नाही आणि परत दुमडून 18,000वर येऊन बसतं. सुराशी त्याचं काही नातं नसतं. सर्ज, व्हायटल यांच्यात याचा बंदोबस्त आधीच केलेला असतो. म्हणून करवत आणि चौकोनी लाटांवरचं काम, म्हणजे फिल्टर फिरवून केलेला जाड बेस किंवा पसरट पॅड, तिकडे कर. प्युअर डेटात साइन आणि नॉइझ.

तीन महिन्यांत तुला अडवणाऱ्या दोनच गोष्टी मला दिसतात. एक म्हणजे रिव्हर्ब, मोठ्या सभागृहासारखी घुमक देणारा परिणाम. रिव्हर्ब लावला की कुठलीही घंटा छान वाटते आणि तिच्यातले दोष दिसेनासे होतात. पहिले दोन महिने तो लावूच नकोस. कोरडा आवाज पटला की मगच लाव. दुसरी म्हणजे फुकटचा साठा. एका संध्याकाळी चाळीस प्लग-इन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, उतरवणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्यातल्या कुणाच्याही हातून त्या आठवड्यात आवाज झालेला पाहिला नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तर अजिबात नको. त्याची गरज नाही, आणि प्रयोगाच्या दिवशी ते दगा देतं तेव्हा विचारायला कुणी नसतं. रोज चाळीस मिनिटं, एक वही, तारीख घालून काय बदललं आणि काय ऐकू आलं ते लिही. तालमीला जातोस तसंच.

मिडी कीबोर्ड आत्ता नको. प्युअर डेटात आकड्याचा चौकोन उंदराने ओढून सूर बदलता येतो आणि संगणकाच्या कळांनाही ठोका नेमून देता येतो. पुढे लागलाच तर दोन सप्तकांचा छोटा पुरतो.

पुढचं तेव्हाच्या तुझ्या ओढीवर आहे. लिहायला आवडू लागलं तर सुपरकोलायडर. जेम्स मॅकार्टनी यांनी ते 1996 मध्ये आणलं, 2002 पासून ते खुलं आहे. चार ओळींत तीस ढोल उभे करायची ताकद त्यात आहे. वेळेची काटेकोर आखणी करून लांब रचना करायची असेल तर सी-साउंड. ते एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी 1980च्या दशकात लिहिलं. तारा खोचत बसायला आवडलं तर व्हीसीव्ही रॅक, म्हणजे पडद्यावरचा तारांनी जोडायचा सिंथेसायझर, पण त्याला ग्राफिक्स थोडं बरं लागतं, तुझ्या लॅपटॉपवर आधी तपासून बघ. आणि एकांकिकेचं काम हातात आलं असेल तर सर्ज एक्सटी. ते पूर्ण फुकट आहे, आणि एक घंटा स्वतः बांधून झालेल्याला त्यातला एकही विभाग परका वाटत नाही.

आपल्याकडे हे सगळं नवीन आहे असं मनात ठेवू नकोस. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य आलं होतं, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ मांडून दिला आणि काही वर्षं आपल्या लोकांनी त्यावर काम केलं. त्या काळी एका सुरासाठी भिंतभर यंत्र लागायचं.

पहिल्या दोन आठवड्यांनी मला दोन फायली पाठव. एक तुझ्या देवघरातल्या घंटेचं रेकॉर्डिंग आणि दुसरी तू बांधलेली. पॅचही जोड, म्हणजे कुठला सूर जास्त वेळ टिकतोय ते उघडून बघता येईल. आणि रेकॉर्डिंगच्या आधी घंटा चिंच लावून घासू नकोस, घासलीस तर दोन्ही वेळा घासलेलीच वापर. वरच्या सुरांत फरक पडतो का ते आपण दोघांनी मिळून ऐकू.